तांबडी सुर्लातलं सुशेगाद फुलपाखरू

गोव्याला जाऊन समुद्र पाहिला नाही म्हटलं की लोक वेड्यात काढतात. काढोत बापडे. पणजीत गर्दी होती, मासे महाग होते आणि सोलकढी पाणचट, एवढं सांगितलं की तिकडचं संपलं.

तांबडी सुर्लाचं मात्र तसं नाही. कदंबकालीन महादेव मंदिर बघायला गाड्या भरभरून माणसं येतात, फोटो काढतात आणि निघतात. शेजारच्या ओढ्याच्या कडेने पुढे फारसं कुणी जात नाही. मी गेलो. पाऊस नुकता ओसरला होता. झाडांच्या शेंड्यांतून वर्तमानपत्राचा कपटा खाली यावा तसं काहीतरी येत होतं आणि मध्येच ते वाऱ्याच्या उलट वळलं.

मलाबार ट्री निम्फ! पश्चिम घाट सोडून जगात कुठे सापडत नाही. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर भरतात. पांढुरक्या पंखांवर काळ्या शिरा, काळे ठिपके आणि आरपार दिसणारं ऊन. दोनदा पंख हलवायचे आणि मग नुसतं तरंगायचं. आजूबाजूला कोतवाल पक्षी टपलेले असताना असा निवांतपणा परवडतो कसा? तर टायगर, क्रो ही फुलपाखरं याचीच भावकी. कण्हेरीच्या कुळातल्या चिकाळ वेली खाऊन यांच्या अळ्या वाढतात. ही मंडळी चवीला इतकी वाईट की पक्षी सहसा वाटेला जात नाहीत.

एवढ्यात मागून चारपाच पोरं आली, स्पीकर चालू. त्यातल्या एकाने फुलपाखरू खाली यावं म्हणून टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली, शेवटी खडा भिरकावला! "अरे बाबा, कुत्रं आहे का ते?" मी ओरडलोच. "काका, रील काढायचंय फक्त." फुलपाखराने वेगसुद्धा वाढवला नाही. आरामात वर चढलं आणि पानांत गेलं. माझा पारा उतरायला मात्र वेळ लागला.

संध्याकाळी वाळपईला मावसभावाकडे हाच विषय काढला. याला उंच, एकमेकांत गुंतलेल्या झाडांचं सदाहरित रान लागतं, म्हटलं. तो मोलेच्या जंगलाच्या बाजूने बोलायला लागला. तिथल्या रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनीविरुद्ध 2020 पासून लोक भांडतायत. वहिनी म्हणाली, "वीज तर सगळ्यांनाच हवी ना, भावोजी?" त्यावरून जी जुंपली, ती भात निवेपर्यंत चालू होती.