विळी, पाळणा आणि नको ते विचार

ओसीडी, म्हणजे नको ते विचार सारखे मनात येण्याचा आणि ते शमवायला तेच ते करत राहण्याचा आजार, म्हटलं की पुन्हापुन्हा हात धुणारा माणूस आठवतो. माझ्या ओसीडीत साबण-पाणी कुठेच नव्हतं. बाळंतपणाला साताऱ्याला, माहेरी होते. बाळाला पाजताना एकदम मनात यायचं, ‘विळीनं आपण याला काही केलं तर?’ छातीत धस्स व्हायचं. मग मी विळी माळ्यावर टाकायला लावली. बाळाजवळ एकटी थांबेना. आईला सारखं विचारायचे, “मी असलं काही करणार नाही ना गं?” “छे गं बाई,” ती म्हणायची. घटकाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

नवऱ्याला सांगायला जीभ रेटेना. बाळ काढून घेतील, वेडी ठरवतील, असं वाटायचं. असे विचार कितीतरी नव्या आईबापांच्या मनात क्षणभर चमकून जातात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आधी खोदून विचारलं: कुणाचे आवाज ऐकू येतात का? बाळाबद्दल भलतीच खात्री वाटते का? तसं असेल तर ते वेगळं दुखणं, त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. माझं तसं नव्हतं. सर्ट्रालिन हे औषध सुरू झालं. अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर बऱ्याचदा हेच देतात. ओसीडीत गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, हे बाईंनी आधीच बजावलं होतं, म्हणून धीर टिकला.

खरी कसोटी ईआरपीची, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं पण दिलासा शोधायचा नाही, या उपचाराची. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली ज्या उपचाराचा पाया घातला, तो माझ्यासाठी असा होता: पाळणा स्वयंपाकघरात, मी विळीवर दोडका चिरतेय, विचार आला तर येऊ द्यायचा आणि आईला काहीही विचारायचं नाही. आईनंही उत्तर द्यायचं नाही. तिला हे फार जड गेलं. “पोरगी रडतेय आणि मी गप्प बसू?” समुपदेशकांनी तिला समजावलं की दिलासा मिळाला की भीती तेवढ्यापुरती बसते आणि पुन्हा दिलासा मागते. मग ती म्हणू लागली, “अवघड जातंय ना? बस माझ्याजवळ.” घरच्यांनी एवढंच म्हणावं.

कुणाकडे जावं कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तिथे ‘टेन्शन आहे’ असं मोघम सांगू नका. विचार जसा येतो तसाच सांगा.