खूण अर्ध्यावर असताना

वाचणारी दोन माणसे भेटली की हवापाण्याच्या आणि प्रकृतीच्या चौकश्या आटोपल्यावर एक प्रश्न हमखास येतो : सध्या काय वाचताय? विचारणाऱ्याच्या लेखी हा सौजन्याचा साधा प्रश्न असतो, पण उत्तर देणारा मात्र क्षणभर थबकतो. उशाशी एक जाडजूड इतिहासग्रंथ असतो, ज्याची सुरुवातीची पाने मोठ्या निश्चयाने वाचून झाली आणि त्यानंतर आतली खूण जागची हललेली नाही. पिशवीत एक रहस्यकथा असते, जी काल रात्री डोळे चुरचुरेपर्यंत वाचली. फोनमध्ये एक कवितासंग्रह असतो, जो रांगेत उभे असताना किंवा कोणाची वाट पाहताना उघडला जातो. यांतले सध्या वाचत असलेले पुस्तक कोणते, याचे खरे उत्तर रहस्यकथा हे आहे, आणि तोंडातून नाव बाहेर पडते ते बहुधा इतिहासग्रंथाचे.

याला खोटेपणा म्हणणे मला फार कठोर वाटते. पाहुणा दारात उभा असताना माणूस खोलीतला पसारा पायाने पलंगाखाली सारतो, तेवढाच या उत्तरातला अप्रामाणिकपणा असतो. इतिहासग्रंथ आपण खरोखरच आणला आहे, तो वाचण्याची इच्छाही खरी आहे. फक्त ती इच्छा आपण वर्तमानकाळात सांगून मोकळे होतो. तरीही या आवराआवरीत ऐकणाऱ्याचे नुकसान होते, कारण ज्या पुस्तकात आपण आज खरोखर बुडालेले आहोत त्याच्याविषयी आपल्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि ज्याचे नाव सांगितले त्याच्याविषयी दुसऱ्या वाक्यालाच अडखळायला होते.

वाचून संपलेल्या पुस्तकाविषयी कोणीही ठामपणे बोलू शकते. तोवर मत बनलेले असते, चार जणांची मते कानांवर आलेली असतात, आणि सुरुवातीला आलेला कंटाळा शेवट आवडल्यामुळे माफ झालेला असतो. अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाविषयी बोलणाऱ्याजवळ मात्र निकाल नसतो. तो म्हणतो, की पहिली साठ पाने अगदी नेट लावून वाचली, आता कुठे तो म्हातारा कथेत आला आहे आणि तो काहीतरी लपवतो आहे असा दाट संशय येतो. हा संशय चुकीचा ठरू शकतो, पुढच्याच प्रकरणात म्हातारा मरू शकतो, आणि बोलणाऱ्यालाही ते ठाऊक असते. या अधांतरी अवस्थेतच तो पुस्तकाबरोबर स्वतःविषयीही सांगून जातो, म्हणजे त्याला कोणत्या गोष्टीचा राग येतो, कोणत्या पात्राची कणव वाटते आणि आपल्या अंदाजावर तो कितपत विश्वास टाकतो, हे सारे. परीक्षणातून हे कळत नाही, कारण परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तक कुठे जाऊन थांबते हे लिहायला बसण्याआधीच माहीत असते.

आपण काय वाचतो आहोत हे मित्राला कळवण्याची हौस छापील पुस्तकांइतकी तरी जुनी आहे. १० डिसेंबर १५१३ या दिवशी निकोलो मॅकियाव्हेली या इटालियन राजकीय विचारवंताने फ्रान्चेस्को व्हेत्तोरी या रोममधल्या मित्राला एक पत्र लिहिले. फ्लॉरेन्समधली सत्ता पालटल्यामुळे मॅकियाव्हेलीची नोकरी गेली होती, कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगवास आणि छळही सोसावा लागला होता, आणि आता तो शहराबाहेरच्या आपल्या शेतावर दिवस काढत होता. सकाळी झऱ्याकाठी जाताना आपण काखेत एखादे पुस्तक नेतो, असे तो मित्राला सांगतो : दान्ते, पेत्रार्क, किंवा तिबुलस आणि ओव्हिड यांच्यासारखा एखादा कवी, त्यांची प्रेमप्रकरणे वाचायची आणि आपली आठवायची. दुपारी खाणावळीत खाटीक आणि चक्कीवाला यांच्याबरोबर पत्ते कुटायचे, काही कवड्यांवरून भांडायचे. रात्री मात्र चिखलाचे कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास प्राचीनांच्या सहवासात घालवायचे. या शेवटच्या भागामुळे ते पत्र अजरामर झाले, आणि त्यातच, हातात घेतलेल्या राजसत्तेवरच्या एका छोट्या पुस्तकाचाही उल्लेख आहे, जे पुढे ‘द प्रिन्स’ या नावाने जगभर गाजले.

माझे मन मात्र झऱ्याकाठच्या पुस्तकांपाशी रेंगाळते. रात्रीच्या थोर प्राचीनांपैकी एकाचेही नाव पत्रात नाही. नावे आहेत ती सकाळच्या प्रेमकवींची. दरबारी पोशाख घालून वाचायचे ग्रंथ आणि काखेत मारून न्यायची पुस्तके असे दोन्ही प्रकार या माणसाने एकाच पत्रात, काहीही न लपवता सांगून टाकले आहेत. इतिहासग्रंथ आणि रहस्यकथा यांच्यामध्ये घोटाळणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून मोठा आधार कोणता हवा?

कथा-कादंबरीकार काफ्काच्या एका पत्राचे नशीब याच्या उलट आहे. पुस्तक हे आपल्या आतल्या गोठलेल्या समुद्रावर घालण्याची कुऱ्हाड असले पाहिजे, या आशयाचे त्याचे वाक्य भिंतींवरच्या चित्रांपासून खरेदीच्या पिशव्यांपर्यंत सगळीकडे भेटते. ते वाक्य म्हणजे खरे तर सध्या काय वाचतो आहोत हे सांगणाऱ्या पत्राचा शेवट आहे. जानेवारी १९०४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, काफ्काने ऑस्कर पोलाक या मित्राला कळवले, की हेबेल या नाटककाराच्या रोजनिश्या आपण सलग वाचून काढल्या, सुमारे १८०० पाने, आणि यापूर्वी आपण त्यांचे बारीकबारीक तुकडेच चावत होतो. त्या वाचनाने तो हादरला होता, काही दिवस त्याला लेखणी हातात धरवत नव्हती, आणि त्या भरात कुऱ्हाडीचे वाक्य आले. जगाने कुऱ्हाड उचलली आणि हेबेलला तिथेच टाकले. मूळ पत्रात मात्र एका तरुणाला १८०० पानांनी झोडपून काढले आहे आणि ते कोणाला तरी सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही, एवढीच बातमी आहे, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

ऐकणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे, कारण खरी कसोटी त्याची लागते. समोरचा माणूस उत्साहाने म्हाताऱ्याविषयीचा संशय सांगत असतो आणि ते पुस्तक आपण पूर्वीच वाचलेले असते. म्हातारा निर्दोष आहे, काय लपवले आहे ते त्याच्या सुनेने लपवले आहे, हे आपल्याला ठाऊक असते, आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता केवळ हुंकार भरायचे असतात. काही जणांना हे जमत नाही. ते अर्थपूर्ण हसतात, किंवा ‘सुनेकडे लक्ष ठेवा’ असे म्हणतात आणि वर आपण काहीच सांगितले नाही अशी स्वतःची समजूत घालून घेतात. असे सूचक हसणे हे सरळसरळ शेवट फोडण्याहून वाईट आहे असे माझे मत आहे, कारण फोडलेला शेवट निदान विसरता येतो, पण त्या हसण्याचा अर्थ लावत माणूस पुढची दोनशे पाने वाचतो. याउलट चांगला श्रोता अशा वेळी आपण ते पुस्तक प्रथम वाचत होतो तेव्हाच्या स्वतःच्या अज्ञानात परत जातो आणि तिथूनच प्रश्न विचारतो. ही कला दुर्मीळ आहे. ती ज्यांना साधते त्यांना आपली पुस्तके अर्ध्यावर असतानाच गाठावे.

दुसरा धोका शिफारशीचा. मी अमुक वाचतो आहे, असे सांगणे आणि तुम्ही ते वाचाच, असे बजावणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि अनेक सज्जन ते एका वाक्यात ओलांडतात. पहिल्यात माहिती असते, दुसऱ्यात कर्ज. पुढच्या भेटीत वसुली होणार हे ठाऊक असल्यामुळे माणूस ते पुस्तक धाकाने वाचतो किंवा त्या सज्जनांना टाळू लागतो. आता शिफारस कधीच फळत नाही असे नाही. १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या स्थानकावर गांधीजींना निरोप द्यायला आलेल्या हेन्री पोलॅक यांनी, हे तुम्हाला आवडेल असे म्हणून, रस्किन या इंग्रज लेखकाचे ‘अनटू धिस लास्ट’ वाटेत वाचण्यासाठी त्यांच्या हाती ठेवले. डर्बनपर्यंतचा प्रवास चोवीस तासांचा होता. गांधीजींना ते पुस्तक खाली ठेवता आले नाही, त्या रात्री झोपही लागली नाही, आणि त्याच वर्षी डर्बनजवळ त्यांची फिनिक्स ही सामूहिक श्रमाची वसाहत उभी राहिली. पुढे १९०८ मध्ये त्यांनी त्याचे सार ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत आणले. या एका उदाहरणाच्या बळावर जगातल्या तमाम शिफारस करणाऱ्यांचा उत्साह टिकून असावा. फक्त पोलॅक यांनी ते पुस्तक अशा माणसाला दिले ज्याच्यापुढे मोकळे चोवीस तास होते, हे या शिफारस करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचे काय करायचे, हाही प्रश्न याच संभाषणात दडलेला असतो. सध्या वाचत असलेल्या पुस्तकांपैकी काही कधीच पुरी होणार नसतात, पण तसे जाहीर करण्याचा धीर होत नाही म्हणून ती वर्षानुवर्षे सध्याचीच राहतात. डॉक्टर जॉन्सनला हा संकोच नव्हता. एका नव्या पुस्तकाविषयी १७७३ मध्ये एका गृहस्थांनी त्याला विचारले, तेव्हा आपण ते चाळले आहे असे तो म्हणाला. पुरे वाचले नाही का, असा पुढचा प्रश्न येताच त्याने उलट विचारले, की आपण पुस्तके पुरी वाचता काय? इंग्रजीचा एवढा मोठा कोशकार हे बोलला, हे त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने नोंदवून ठेवले म्हणून आपल्याला कळते. डार्विननेही १८३८ ते १८६० या काळात वाचायच्या आणि वाचून झालेल्या पुस्तकांच्या याद्या वह्यांमध्ये ठेवल्या, आणि त्यांत काही पुस्तकांपुढे ‘चाळले’ असा शेरा बिनदिक्कत आहे. आजकाल अशी यादी सार्वजनिक ठेवण्याची सोय सर्वांनाच झाली आहे आणि वर्षाच्या अखेरीस आकडे मोजण्याची चढाओढही लागते. त्या याद्यांमध्ये ‘चाळले’ असा रकाना मला अजून दिसलेला नाही.

सांगण्याचा हा व्यवहार किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण नवव्या शतकातले आहे. कॉन्स्टँटिनोपलचा फोटियस, जो पुढे तिथला धर्मप्रमुख झाला, दूतमंडळाबरोबर परदेशी निघाला होता. तुझ्याबरोबर जी पुस्तके वाचायची माझी राहिली त्यांच्याविषयी मला लिहून कळव, असा आग्रह त्याच्या भावाने, तारासियसने, धरला. फोटियसने सुमारे २८० पुस्तकांची हकीकत लिहिली. कोणाची दोन ओळींत, कोणाची अनेक पानांत, आणि आठवली त्या क्रमाने. कोणाची शैली त्याला आवडली, कोणाची रटाळ वाटली, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले. त्यातली कित्येक पुस्तके नंतर नष्ट झाली. क्तेसियस या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलेला इराणचा इतिहास आज आपल्याला मुख्यतः फोटियसच्या या सारांशातूनच माहीत आहे. पुस्तके ग्रंथालयांनी जपायची असतात आणि आपण केवळ गप्पा मारायच्या असतात, असे समजणाऱ्यांनी या भावांची नोंद घ्यावी. मात्र फोटियस भावासाठी लिहीत होता म्हणूनच त्याचे लेखन इतके वाचनीय झाले असे मला वाटते. भविष्यकाळासाठी लिहिले असते तर त्याने सगळीच पुस्तके थोर ठरवली असती.

मी अलीकडे हा प्रश्न जरा बदलून विचारतो. पुस्तकाचे नाव विचारण्याऐवजी, जे वाचताय त्यात कुठवर पोचलात, असे विचारतो. नावाच्या प्रश्नाने माणूस सावध होतो, पण पोचण्याच्या प्रश्नाने सैलावतो, कारण तिथे प्रतिष्ठेला फारसा वाव नसतो. एक जण तिसऱ्या प्रकरणातल्या एका वर्णनात अडकलेला निघाला आणि ते वर्णन त्याने मला जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवले. एका बाईंनी जुनेच पुस्तक पुन्हा वाचायला घेतले होते आणि ज्या प्रसंगाला पूर्वी रडू आले होते तो जवळ येत चालल्यामुळे त्या मुद्दाम हळू वाचत होत्या. एका गृहस्थांनी शेवटचे प्रकरण आधीच वाचून टाकले होते, आणि आता काय होणार ही कटकट संपल्यामुळे मधली पाने कशी निवांत वाचता येतात हे ते मला पटवून देत होते. हा मार्ग लेखकावर अन्याय करणारा आहे असे माझे म्हणणे होते, तर आपल्याला कथेपेक्षा तिची बांधणी पाहायची असते असे त्यांचे. बराच वेळ आम्ही हिरिरीने वाद घातला, आणि पुस्तकाचे नाव त्यात कुठेच आले नाही.