मे महिन्यातला न वितळणारा केक

गेल्या वर्षी मे महिन्यात माझा केक चालत निघाला होता. खोटं नाही सांगत. क्रीमचे तीन रंग लावलेला, वर चेरी, बाजूने नक्षी. फ्रिजमधून काढून ओसरीवरच्या मेजावर ठेवला आणि ‘सगळे या रे’ म्हणेपर्यंत गुलाबी रंग हिरव्यात, हिरवा पिवळ्यात आणि सगळे मिळून टेबलक्लॉथवर. पारा चौतीसच्या आसपास होता, पण हवेतला दमटपणा मोजायला आमच्या घरात काही नाही. कपाळावरचा घाम तेवढा आहे. मुलांनी तो केक वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला. माझे दीर म्हणाले, “वहिनी, रस मस्त झालाय.”

माझं माहेर सांगलीचं. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन गोव्यात, म्हार्दोळजवळच्या या घरात आले. मे महिन्यात मुंबई, पुणे, बेळगाव इथून सगळे इकडे येतात आणि एक दिवस ठरवून एकत्र जेवतात. गोडाचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. यंदा सगळ्यांना जमणारा दिवस नेमका सोमवार निघाला. आमच्याकडे सोमवार म्हणजे शिवराक. मासे नाहीत, अंडी नाहीत. मुंबईची भाची आधीच फोनवर सांगून मोकळी झाली होती, “मामी, यंदा रेनबो केक हं. पण उभा राहणारा.”

भाचीला उभा राहणारा हवा, सासूबाईंना शिवराक हवा, आणि बाटलीतले रंग मला स्वतःला नको होते. मग पंधरा दिवस आधीपासून मी स्वयंपाकघरात उद्योग सुरू केले.

पहिला विचार अर्थातच सरळ होता : पिठातच रंग घालायचा. पिवळ्यासाठी हळद घेतली, दही आणि खायच्या सोड्याच्या मिश्रणात घातली. मिश्रण ढवळताना जिथे सोडा नीट मिसळला नव्हता तिथे लालसर ठिपके उठले. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. पांढऱ्या कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेच. माहीत असून विसरले. बीटचा रस घातलेला दुसरा गोळा भट्टीत जाताना राणी रंगाचा होता, बाहेर आला तो विटेसारखा. बीटचा रंग उष्णतेपुढे टिकत नाही. दोन्ही प्रयोग शेजारच्या मुलांनी संपवले, चवीला काही वाईट नव्हते. पण एक गोष्ट कळली, की रंग भाजायचाच नाही. भाजायचा तो फक्त केक. रंग वर, थंड.

थंड म्हणजे जेली. जिलेटिनची जेली दोन कारणांनी बाद. एक म्हणजे ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, त्यामुळे सोमवारी तर नाहीच. दुसरं असं की ते जिभेवर विरघळतं म्हणून छान लागतं. पण ज्याला जिभेची ऊब पुरते त्याला मे महिन्यातली ओसरी काय सोडणार आहे? म्हणून चायना ग्रास. समुद्री शेवाळापासून बनतं, फोंड्याच्या बाजारात दोऱ्यांच्या जुडीसारखं पाकिटात मिळतं. त्याचं वागणं मला फार आवडलं. वितळायला त्याला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास लागतात, आणि पुन्हा घट्ट व्हायला मात्र पस्तीस-चाळीस. म्हणजे एकदा बसलं की आमच्या उन्हाळ्याला दाद देत नाही. फ्रिजशिवायही बसतं, वेळ थोडा जास्त लागतो एवढंच.

आता रंग. पिवळा कोणता, हे ठरवायला एक सेकंद लागला. मानकुराद. परसातलं झाड यंदा रुसलेलं, त्यामुळे बाजारातून डझनाच्या भावाने आणले. या आंब्याला दोन हजार तेवीस साली भौगोलिक मानांकन मिळालं, बिबिंकाला, म्हणजे गोव्याच्या थरांच्या केकलाही, त्याच वर्षी. आणि नावाची गंमत अशी सांगतात, की पोर्तुगिजांनी सालीचा रंग बघून त्याला ‘मालकोराद’, म्हणजे बेरंगी, म्हटलं. त्याचंच मानकुराद झालं. माझ्या केकमधला सगळ्यात देखणा रंग या बेरंग्याचा होता. रेषा नसल्यामुळे गाळायचीही कटकट नाही.

लाल कोकमाचा. अंगणात सासूबाईंची भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सुकायला पडली होती, सोलं करायची म्हणून. त्यांच्याकडून ताजी पंधरा-सोळा मागून घेतली. आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. सालीत साखर भरून बरणी रात्रभर ठेवली, सकाळी खाली माणकासारखा रस. पांढरा नारळाच्या रसाचा, त्यात शोध लावण्यासारखं काही नाही.

निळा मात्र अडला होता. निळं असं आपण खातो तरी काय? तो सासूबाईंनीच दिला, न कळत. पूजेसाठी गोकर्णीची फुलं तोडून आणली होती, त्यातली दोन-तीन ओट्यावर पडली आणि कुणीतरी त्यावर गरम पाणी सांडलं. पाणी शाईसारखं निळं. मी हरखून पंधरा-वीस फुलं मागितली तर म्हणाल्या, “कितें गो हें, देवाची फुलां तूं केकांत घालतली?” मग स्वतःच वेलीवरून परडीभर काढून दिली, देवाची वेगळी ठेवून.

चाचणी एका स्टीलच्या पेल्यात केली, आणि बरं झालं केली. निळा थर कोकमाच्या थरावर ओतला तर अर्ध्या तासात दोघांच्या सीमेवर जांभळी पट्टी. गोकर्णीचा निळा रंग आंबट लागला की जांभळा होतो. भाचीचा भाऊ तिथेच उभा होता, त्याने मग उरलेल्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून, कोकम घालून, सोडा घालून दुपारभर रंगपंचमी केली. निळा थर आंब्यावर ओतला तर आणखीनच फसगत : वरून बघितलं की हिरवा. पारदर्शक निळ्याखाली पिवळं, मग दुसरं काय दिसणार? तेव्हा क्रम ठरला : खाली केक, त्यावर आंबा, मग कोकम, मग नारळाचा रस, सगळ्यात वर गोकर्ण. नारळाचा पांढरा मधे बसला की कोकम-गोकर्णीचं भांडण नाही आणि निळ्याला पाठीमागे पांढरं मिळतं. एकत्र कुटुंबात असा एखादा माणूस मधे बसवावाच लागतो.

केकसाठी मी बाथचीच वाट धरली. बाथ, कुणी बातिका म्हणतात, हा गोव्यातला रव्या-नारळाचा केक. मूळ कृतीत अंडी आणि लोणी असतं आणि पीठ रात्रभर मुरवतात. अंड्याऐवजी दही घेतलं. बारीक रवा दोन कप, किसलेला नारळ दीड कप, साखर सव्वा कप, आंबट नसलेलं दही एक कप, दूध एक कप, पातळ केलेलं तूप अर्धा कप, वेलची. हे सगळं फेटून झाकून ठेवलं. रात्रभर बाहेर नाही हं, मे महिन्यात ओला नारळ सकाळपर्यंत तोंड वाकडं करतो, फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून साधारण तापमानाला आणलं आणि मग दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. रवा रात्रीत फुगून घट्ट झाला असेल तर दुधाचा हात. बारा बाय नऊ इंची ट्रे, एकशे ऐंशी अंश, चाळीस मिनिटं. वरून बदामी, सुरी घातली तर कोरडी बाहेर. याला मुद्दाम जास्त फुगू द्यायचं नाही. वर चार थर बसायचेत, तळ सपाट हवा. मधे थोडा फुगवटा आलाच, तो सुरीने काढला. तो फुगवटा कोणी खाल्ला हे विचारू नका.

रविवारी रात्री थर लावायला बसले. सासूबाई शेजारी खुर्ची घेऊन. चायना ग्रासचं प्रमाण मी दहा ग्रॅमला एक लिटर असं धरलं, म्हणजे साडेतीनशे मिलीच्या थराला साधारण साडेतीन ग्रॅम. दोऱ्या अर्धा तास भिजवायच्या, मग पाण्यात मंद आचेवर उकळत ठेवायच्या, एक कण दिसेनासा होईपर्यंत. घाई केली तर जेलीत नूडल सापडतात. कोकम किंवा आंबा यांच्याबरोबर ते उकळायचं नाही; आंबटात उकळलं की त्याची पकड जाते. आधी पाण्यात विरघळवायचं, खाली उतरवून मग रस. नारळाच्या रसाचंही तेच, नाही तर फाटतो.

पहिल्याच थराला माती खाल्ली. आंब्याचा रस फ्रिजमधून काढला तसाच गरम पातेल्यात ओतला. एका क्षणात पातेल्यात साबुदाण्यासारख्या गाठी. चाळिशीला घट्ट होणारी वस्तू, तिच्यावर गार रस ओतल्यावर ती तरी काय करणार? थोडं पाणी घालून पातेलं पुन्हा मंद आचेवर चढवलं, हलवत राहिले, आणि दहा मिनिटांनी गाठी विरघळल्या. आंबा गोड होता म्हणून निभावलं. कोकमाच्या बाबतीत हे घडलं असतं तर बसला नसता तो थर. बाकीचे रस मग आधीच ओट्यावर काढून ठेवले.

दुसरी काळजी केकची. रवा तहानलेला असतो. गरम जेली एकदम ओतली तर सगळी पिऊन टाकतो. म्हणून आधी पळीने पातळ हात फिरवला, तो बसू दिला, मग उरलेला आंबा. पुढचे थर कधी ओतायचे हे बोटाने कळतं : खालचा थर बसलेला हवा पण बोटाला चिकटायला हवा. पार कोरडा होऊन त्याला पाणी सुटलं की वरचा थर त्याला धरत नाही, कापताना घसरतो. चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून ओतायचं, नाही तर धारेने खड्डा पडतो. ओता, थांबा, बोट लावा. ओता, थांबा. चौथ्या थराच्या वेळी रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सासूबाई एवढा वेळ गप्प बसून बघत होत्या. त्यांच्या लहानपणी शेजारी नाताळात बिबिंक व्हायचं, वर करवंट्यांचे निखारे ठेवून एकेक थर भाजत. सात थर, अख्खी दुपार. त्यांनी माझ्या ट्रेकडे बोट दाखवलं. “हें तुजें थंड बिबिंक.” बिबिंकात अंड्याचे बलक किती पडतात ते आठवून मग लगेच म्हणाल्या, “सोमाराक चलपी.”

सोमवारी सकाळी नऊला वीज गेली आणि दीड वाजता आली. गेल्या वर्षी अशी गेली असती तर मी रडले असते. केकची मला चिंता नव्हती, पण नारळाचा रस आहे, तो नासतो. म्हणून ट्रे बर्फाच्या तसराळ्यावर ठेवला. बर्फ कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याकडचा, हे कृपया सासूबाईंना सांगू नये. हुमले, म्हणजे लाल मुंग्या, चढू नयेत म्हणून तसराळं पाण्याच्या परातीत. हे मी इथे आल्यावर शिकले. सांगलीत मुंग्या होत्या, पण इतक्या ठरवून येणाऱ्या नव्हत्या.

जेवणं उशिरा झाली. मुगागाठी, खतखतं, सोलकढी, आणि सगळे सुस्तावल्यावर ट्रे ओसरीवर आला. वरून निळाशार, चारी बाजूंनी जाई पसरलेली, कारण जाई म्हार्दोळात नाही तर कुठे मिळणार. पण खरं ते कापल्यावर दिसलं. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, सरळ खाली दाबायची. करवतीसारखी पुढेमागे केली की थर एकमेकांत माखतात. बाहेर आलेल्या तुकड्यावर निळा, पांढरा, लाल, पिवळा आणि खाली रव्याचा बदामी. भाचीने ताट डोळ्यासमोर धरून बाजूने बघितलं. “मामी, हिरवा नाहीये.” मग तिचाच भाऊ तिला शिकवायला लागला, की वरून तिरकं बघ, पिवळ्यावर निळा आला की हिरवा दिसतो. मधे पांढरा असताना दिसत नाही, पण वाद तासभर चालला.

खाणारे बावीस, तुकडे चोवीस. केक दीड तास बाहेर होता आणि जागेवरून हलला नाही. दिरांना जेली थोडी कडक वाटली, आणि ते बरोबर आहे. चायना ग्रास जिलेटिनसारखं थरथरत नाही, कट्कन तुटतं. पुढच्या वेळी लिटरला आठ ग्रॅम करून बघणार आहे. कोकमाच्या थरात साखर आणखी दोन चमचे चालली असती.

उरलेले दोन तुकडे डब्यात ठेवले होते. मंगळवारी सकाळी उघडला तर जेलीला पाणी सुटलेलं आणि कोकमाचा लाल पांढऱ्यात उतरून सगळं फिकं गुलाबी. मी टाकायला निघाले होते. सासूबाईंनी डबा हातातून घेतला, चमचा घेतला आणि ओसरीवर जाऊन बसल्या.

“सोलकढी जाल्या,” तिथूनच ऐकू आलं. “मीठ घाल गो इल्लें.”