तुम्ही विचारलंत म्हणून : सायगॉनच्या तिकीटवाल्या आजीकडून तिकीट घ्यावं का?

व्हिएतनाममधली हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन, पाहून आलेलं कुणीही भेटलं की मला हेच विचारतं. कॉफी प्यायला बसलं की कुणी आजी, कुणी व्हीलचेअरवरचा माणूस लॉटरीचा गठ्ठा पुढे धरतो. सरकारच जुगार चालवतं, मग आपण तिकीट घ्यावं का?

पूर्वी मी ठामपणे ‘नाही’ म्हणायचे. ही गरिबांच्या खिशातून काढलेली पट्टी, म्हणजे एक प्रकारचा करच आहे, असं माझं मत होतं. हिशेब आजही त्याच बाजूने आहे. दक्षिणेत तिकीट 10,000 दाँगचं, म्हणजे आपले तीस-पस्तीस रुपये. आकडे सहा, म्हणून एका मालिकेत 10 लाख तिकिटं, 1,000 कोटी दाँगची. त्यातले 500 कोटी बक्षिसांत परत येतात आणि त्यातलेही 200 कोटी एकाच तिकिटाला जातात. शेवटचे दोन आकडे जुळले तर 1,00,000 दाँग मिळतात, तेही शंभरात एकाला. छपाई आणि कमिशन वगळून उरलेल्या पैशांतून प्रांतात शाळा, दवाखाने उभे राहतात. म्हणून तिथे हिला उभारणीची लॉटरी म्हणतात.

पण ‘लॉटरीपायी घरं बुडाली’ म्हणताना तुम्ही बहुतेक वेळा ‘सो दे’बद्दल बोलत असता. तो तिथला मटका. सरकारी सोडतीच्याच शेवटच्या दोन आकड्यांवर बुकीकडे पैसे लावायचे, आकडा लागला तर सत्तरपट. तो बेकायदा आहे, त्यात उधारी चालते आणि माणूस बुडतो तो उधारीत. तिकिटाला आधी रोख मोजावी लागते. अर्थात सोडत नसती तर त्या बुकीला आकडा कुठून मिळाला असता, हेही खरंच आहे.

आता त्या आजीबद्दल. एका तिकिटामागे तिला हजार-अकराशे दाँग सुटतात. शंभर तिकिटं खपली तर लाखभर. बक्षीस लागलेलं छोटं तिकीट गिऱ्हाइक तिलाच देतं. ती पदरचे पैसे मोजते आणि नंतर तिकिटं पुरवणाऱ्या एजंटकडून वसूल करते. फसवणारे इथेच गाठतात. न लागलेल्या तिकिटावरचा एक आकडा पात्याने खरवडायचा, दुसऱ्या तिकिटातून हवा तो आकडा कापून तिथे चिकटवायचा, आणि दिवेलागणीला, नजर कमी असलेली बाई हेरून ते तिकीट तिच्या हातात ठेवायचं. सहाव्या बक्षिसाचं म्हणून असं एक तिकीट आलं की तिचे 4,00,000 दाँग गेले. चार दिवसांची कमाई. खाडाखोड केलेलं तिकीट लॉटरी कंपनी घेत नाही, म्हणून एजंटही घेत नाही. जाणत्या बायका आकड्यांवरून अंगठा फिरवतात. जोडाची कड नखाला लागते. मग तिकीट उजेडासमोर धरतात, प्रांत आणि तारीख निकालाच्या कागदाशी ताडून पाहतात. पण पावसात भिजलेल्या कागदावर ती कड कळत नाही. हे कळल्यापासून ‘पट्टी’ हा शब्द मला अपुरा वाटतो. चूक वाटत नाही, अपुरा वाटतो.

मग बंदच करा, असं तुम्ही म्हणाल. 1 एप्रिल 2020 ला कोविडमुळे देशभरातल्या सोडती थांबवल्या. त्याच दिवशी या लोकांची कमाई शून्यावर आली आणि त्यांना तांदूळ आणि मदतीचे पैसे वाटावे लागले. माझ्याकडे याचं उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा, पण त्यात आजीचं काय होणार तेही सांगा.

घ्यायचंच ठरवलंत तर वेळ बघा. दक्षिणेतली सोडत सव्वाचारला असते आणि न खपलेली तिकिटं साधारण दोन-तीनच्या आत एजंटकडे परत करावी लागतात. ती वेळ टळली की उरलेली तिकिटं तिच्या गळ्यात पडतात. सकाळी एक तिकीट घेतलंत तर तिला हजार दाँग मिळतात. साडेतीनला घेतलंत तर त्या हजाराबरोबर तिचे स्वतःचे नऊ हजारही वाचतात.