शून्य रुपयाचं तिकीट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डेपोतले ड्रायव्हर विचारतात, नव्यानं लागलेल्या पोरी विचारतात, एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, आणि परवा माझ्या मुलानंही तेच विचारलं. "तू गाडीत सगळ्यांना अहो-जाहो कशाला करतेस? पिऊन चढलेल्यालासुद्धा? मान कमवावा लागतो, आई."

आजवर "सवय आहे" म्हणून मी विषय मिटवत आले. सवय वगैरे काही नाही. सवय तर उलटी होती. आपण साताऱ्याकडची माणसं. "काय रं, कुटं निगालास" यात मायाही असते आणि दमही असतो, आणि माझी जीभ त्यावरच वाढलेली आहे. मिसरूड न फुटलेल्या अनोळखी पोराला 'तुम्ही' म्हणताना सुरुवातीला मलाच कसंतरी व्हायचं.

एसटीत कंडक्टरचा बिल्ला मिळाला तेव्हा माझं मत अगदी मुलासारखंच होतं. मान कमवायचा असतो. मी कमावला होता ना! बाई कंडक्टर बघून "आज गाडी पोचतीय का बघा" म्हणणारे होते. सुट्ट्या पैशांवरून मुद्दाम घोळ घालणारे होते. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि कॅश जुळवून, मुक्कामाच्या गाड्या करून, पुसेगावच्या यात्रेच्या गर्दीत दार सांभाळून मी तो मिळवला. मग दुसऱ्या कुणाला आयता का मिळावा? हा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर आहे अशा समजुतीनं कुणी पुढचं वाचू नये.

एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नव्हती. कमावलेला मान पासासारखा असतो, ठरलेल्या दोन गावांच्या मधेच चालतो. कोरेगावच्या गाडीत माझं नाव झालं होतं, ते मेढ्याच्या गाडीत कुणाला ठाऊक असणार? रूट बदलला की पुन्हा पहिल्यापासून. माझ्याबरोबरच्या ड्रायव्हरला मात्र नव्या गावात पहिल्याच दिवशी टपरीवरून हाक यायची, "या ड्रायव्हरसाहेब, च्या घ्या." त्यानं त्या गावात अजून ब्रेकसुद्धा नीट दाबलेला नसायचा.

घरात बघा. लग्न होऊन आले तेव्हा धाकटा दीर नववीत होता. त्याला भाऊजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं, तो जेवायला बसला की वाढायला उभं राहायचं. सहामाहीत गणितात गचकलेल्या त्या पोरानं काय कमावलं होतं हो? कुणी विचारलं नाही. मीही नाही. आमच्या गाड्यांमध्ये एका सीटवर 'आमदारांसाठी राखीव' असं रंगवलेलं असतं. त्या सीटवर आमदार बसलेला मी अजून पाहिलेला नाही, पण मान रंगवून ठेवलाय. तेव्हा फुकटचा मान आपल्याकडे कुणी देत नाही, असं मला सांगू नका. भरपूर देतात. कुणाला फुकट आणि कुणाकडून दाम मोजून घ्यायचा, एवढंच ठरलेलं असतं. आणि ज्याला फुकट मिळालेला असतो तोच बहुतेक वेळा म्हणतो, कमवावा लागतो.

2022 च्या ऑगस्टमध्ये 75 वर्षांपुढच्यांना एसटी मोफत झाली. 2023 च्या 17 मार्चपासून सगळ्या बायकांना निम्मं तिकीट झालं, आणि त्या योजनेचं नाव काय, तर महिला सन्मान. सन्मान योजनेच्या नावात आला आणि गाडीतून उतरायला लागला. "अर्ध्या तिकिटाला अर्धीच सीट" हा विनोद करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, तो त्यालाच पहिल्यांदा सुचलाय. मोफतवाल्यांनाही तिकीट द्यावंच लागतं. मशीनमधून निघतं, त्यावर रक्कम शून्य.

मला सांगायचीय ती गाडी संध्याकाळची, सातारा–वडूज. कॉलेज सुटलेलं, एमआयडीसीतली शिफ्ट सुटलेली, त्यात बाजाराच्या पिशव्या. स्टँडवरच गाडी भरली. दारापासून तिसऱ्या सीटवर एक म्हातारे बसले होते. धोतर, पटका, मांडीवर खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्यांनी आधार कार्ड दाखवलं, मी शून्याचं तिकीट दिलं, ते त्यांनी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. शेजारी एक मुलगा उभा होता. पाठीला सॅक, दिवसभर मशीनपुढं उभ्यानं काम करून आलेला असावा. हे मी त्याच्या बाजूनं सांगतेय. तो म्हणाला, "बाबा, उठता का जरा? आमी पूर्ण तिकीट काढून हुबं, आन् फुकटवाली बसून."

म्हातारे त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नसावं. ऐकू आलं होतं.

मागून एक जण ओरडला, "ए, कुणाला उठवतोय? मिल्ट्रीतली हायत ती. लाज वाटू दे जरा."

आता आपला जिल्हा कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. अपशिंगे मिलिटरी इथलंच, देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यातच निघाली, आणि कुठल्याही गावात जा, पारावर सुट्टीवर आलेला एखादा फौजी असतोच. 'मिल्ट्री' म्हटल्यावर गाडीचा नूर पालटला. पोराचं तोंड उतरलं. "सॉरी बाबा, म्हाईत नव्हतं," म्हणत त्यानं खरंच वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला. एक बाई म्हणाल्या, "आसं पायजे." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. गोष्ट इथं संपली असती तर तुम्हाला सांगायला फार छान होती.

म्हातारे म्हणाले, "मी न्हाई बा मिल्ट्रीत. त्यो माजा थोरला भाऊ. मी मेंढरं राखली."

पोरानं गुडघ्यावरचा हात मागं घेतला. आणि ज्यानं मघाशी त्यांची बाजू घेतली होती तोच मागून करवादला, "मग गप बसायचं की! मिळत हुतं तर."

पोराच्या बोलण्याचा मला राग आला होता, पण तो रोजचा राग. या दुसऱ्याच्या बोलण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्यानं मान दिला होता तो फौजीला. मेंढक्यानं तो परत केला, तर चूक मेंढक्याची झाली.

म्हातारे उठले. मी गर्दीतून पुढं सरकत म्हणाले, "बाबा, तुम्ही बसा. तिकीट आहे तुमचं." त्यांनी बंडीतून ती घडी काढली, उलगडली आणि शून्यावर बोट ठेवून मला दाखवलं. "ह्येच न्हवं?" राग नव्हता त्यात, खरंच विचारत होते. मी म्हणाले, शून्य असलं तरी तिकीटच आहे, शून्यवाल्यानं उभं राहायचं असं कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. ते बसले नाहीत. वरची दांडी धरून उभे राहिले. पोरगाही बसला नाही, कसा बसणार? भरलेल्या गाडीत ती सीट त्रिपुटीपर्यंत रिकामी गेली. त्रिपुटीला एक बाई चढली, "आगं बया, जागा हाय की," म्हणत बसली, मी तिला निम्मं तिकीट दिलं. म्हातारे पुसेगावला उतरले.

मुलाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते खरं बोलले म्हणून तुला त्यांच्याबद्दल आदर वाटला. म्हणजे कमावलाच की त्यांनी."

बरोबर आहे त्याचं. खरं बोलून त्यांनी माझ्याकडून मान कमावला. पण ते गप्प बसले असते तर? लबाड असते, किंवा नुसतेच दमलेले असते तर? मला त्या तसल्या म्हाताऱ्यासाठीही ती सीट हवी आहे, आणि का हवी आहे ते मला मुलासारखं टापटीप मांडता येत नाही.

म्हणून मी त्याला मसूर स्टेशनची गोष्ट सांगितली; ती आमच्या धंद्यातली, प्रवासाची आणि भाड्याची आहे. 1901 साल. साताऱ्याच्या शाळेत जाणारा भीमराव आंबेडकर, वय नऊ-दहा, भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांकडं निघालेला. अंगावर नवे कपडे, पायात नवे बूट. मसूरला उतरल्यावर स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली, आणि जात कळताच तो मागं सरला. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि तेही गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान शेजारून पायी चालणार, या बोलीवर. पूर्ण तिकीट नव्हे, दुप्पट. त्या पोरांनी अजून काय कमावून आणायचं होतं?

"ते वेगळं, आई," मुलगा म्हणाला. ते नेहमीच वेगळं असतं.

एक निवृत्त मास्तर माझ्या गाडीला असतात. ते म्हणतात, "बाई, कर्मवीर अण्णांनीसुद्धा 'कमवा आणि शिका' म्हटलं, फुकट घ्या नाही म्हटलं." मी म्हणाले, खरंय. पण 1924 ला साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, ती जागा कुणी कुदळ मारून मिळवलेली नव्हती. कुदळ नंतर हातात आली. मास्तर हसले. पटलं म्हणून की माझ्या आगाऊपणाला, कुणास ठाऊक. मग म्हणाले, सौजन्य वेगळं आणि आदर वेगळा, तुम्ही दोन्हींची गल्लत करताय. असेल. पण मला तोंड एकच आहे, आणि गाडीत ऐकणाऱ्याला फक्त 'ए' किंवा 'अहो' ऐकू येतं.

आणि हेही सांगते, सगळं उदात्त नाही यात. 'अहो' म्हटलं की माझा आवाज चढत नाही. आवाज चढला नाही की भांडण लांबत नाही, आणि गाडी वेळेवर पोचते. बाई कंडक्टरनं 'अरे' म्हटलं की पुरुषाला जे लागतं ते सोसायला मला रोज वेळ नसतो.

आता तुमच्या बाजूचं एक. मागच्या सीटवरच्या माणसानं शेजारच्या मुलीला त्रास दिला. तिनं हात वर करून मला बोलावलं. मी गेले आणि जिभेवर होतं तेच आलं, "अहो, उठा तिथून. पुढं या." तो हसला आणि गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, बाई मला अहो म्हणत्यात. मी काय केलं असतं तर म्हटल्या असत्या का?" दोन-चार माना त्याच्या बाजूनं हलल्या. गाडी थेट पोलीस चौकीला घेतली, त्याला तिथं उतरवलं, ते सगळं झालं. पण मधल्या वेळात ती मुलगी माझ्याकडं बघत नव्हती. तिला माझ्या तोंडून 'ए' हवा होता. तो मान मी माझ्या खिशातून देत नव्हते, तिच्या खिशातून देत होते, असं तिला वाटलं असेल तर मी काय म्हणू?

दुसऱ्या दिवशी पहिल्या स्टॉपला चढलेल्या पहिल्या माणसाला मी 'अहो, पुढं सरका' असंच म्हणाले. त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. पुढं पुन्हा एकदा तसला प्रकार झाला तेव्हा तोंडातून 'ए' आला, खणखणीत, आणि बरं वाटलं.

हे ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे मान आधी फुकट द्यायचा, आणि नालायक निघाला तर काढून घ्यायचा?"

मी म्हणाले, तसंच काहीतरी.

"मग ते कमावणंच झालं की, उलट्या बाजूनं."

मी त्याला म्हणाले, उद्या पहाटेची गाडी आहे, दिवा घालव.