ऐन हंगामात वेबसाइट गेली तेव्हा

११ मार्चच्या सकाळी पुण्याहून आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "अगं, तुमची वेबसाइट उघडली तर भलत्याच जाहिराती दिसताहेत. आंबा बंद केलात की काय?" पहिल्या आढीतला आंबा रंग धरायला लागला होता, रिकामी खोकी पडवीत रचून ठेवली होती. मी मोबाइलवर आमचं नाव टाकून पाहिलं. खरंच, आमचं काहीच नव्हतं तिथे.

रत्नागिरीजवळ आमची साडेतीनशे हापूसची कलमं आहेत. अर्धा माल वाशीला जातो. तिथे दलाल सांगेल तो भाव. उरलेल्या अर्ध्या मालाच्या पेट्या आम्ही थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवतो आणि तो भाव आमचा आम्ही ठरवतो. वर्षाचा खर्च या दुसऱ्या अर्ध्यावर भागतो, म्हणून वेबसाइट जाणं आम्हाला बाग राखणीविना पडण्याइतकंच लागलं.

त्याच्या तीन वर्षं आधी एका एजन्सीला अठरा हजार देऊन ती साइट करून घेतली होती. मधल्या काळात एजन्सी बंद झाली होती. चौकशी केल्यावर कळलं ते असं: डॉट कॉमचं नाव, म्हणजे डोमेन, आमच्या नव्हे, त्यांच्या नावावर नोंदलेलं. मुदत २८ जानेवारीला संपली. आठवणीचे मेल एजन्सी सोडून गेलेल्या एका मुलाच्या पत्त्यावर जात राहिले. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोराच्या फवारण्या चालू असतात, तेव्हा साइट कोणी उघडत नाही, आम्हीही उघडली नव्हती.

नाव परत मिळवण्याची पद्धत मी तेव्हा शिकले. मुदत संपल्यावर नोंदणी कंपनी काही दिवस नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण करू देते. ते दिवस किती, हे कंपनीगणिक बदलतं. त्यानंतर डॉट कॉमला तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात जबर दंड भरावा लागतो. तोही टळला तर पाच दिवसांनी नाव मोकळं होतं आणि ते कोणीही घेऊ शकतं. आम्ही सोडवणुकीच्या काळात होतो. पण दंड भरायचा तर तो ज्याच्या खात्यात नाव आहे त्यानेच भरायचा. एजन्सीच्या मालकाचा नंबर शोधायला चार दिवस गेले. त्यांनी खातं उघडून दिलं, साडेआठ हजार मी भरले.

इथे एक गोष्ट माझ्या भाच्यामुळे नीट झाली. मी नाव लगेच दुसऱ्या कंपनीकडे हलवायला निघाले होते. तो म्हणाला, "मामी, थांब. त्याच कंपनीत तुझं खातं काढ आणि त्यांना आतल्या आत तुझ्या खात्यात सरकवायला सांग." कंपनी बदलायची तर कुलूप काढा, संकेतक्रमांक मागवा, पाच-सात दिवस वाट पाहा, असं सगळं आलं असतं. आतल्या आत ते एका दिवसात झालं. आता मालकाच्या रकान्यात माझं नाव आहे, मेल माझा आहे, आणि दुसरा संपर्क म्हणून यजमानांचा.

तुम्ही कोणाकडूनही साइट करून घेत असाल तर पैसे देण्याआधी एवढं बघा: नाव कोणाच्या खात्यात आहे आणि आठवणीचे मेल कुठे जातात. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे हे आपण जमीन घेताना बघतोच ना.

नाव मिळालं, पण साइटच्या फाइली गेल्या होत्या, कारण साइट ठेवायची जागाही (होस्टिंग) त्यांचीच आणि बॅकअपही त्यांच्याकडेच. तेव्हा नव्याने करायचं ठरलं. भाचा सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, तो चार दिवस राहायला आला. मला वाटलं आल्या आल्या लॅपटॉप उघडेल. त्याने वही मागितली. "आठवडाभर जे फोन येतील त्यांतला प्रत्येक प्रश्न लिहून ठेव, मी गेलो तरी." ती वही अजून माझ्याकडे आहे. आज भाव काय? चार डझनी आणि सहा डझनी पेटीत फरक काय? नागपूरला पोचायला किती दिवस? पिकलेला पाठवता की कच्चा? पावडर तर मारत नाही ना? खराब निघाला तर? साठाएक फोनांत हेच सहा प्रश्न उलटसुलट होते. जुन्या साइटवर यांतल्या एकाचंही उत्तर नव्हतं. तिथे सरकणारे पाच फोटो आणि "आमच्याविषयी" म्हणून लांबलचक मजकूर होता.

नव्या पानावर सगळ्यात वर आजचा भाव आला, त्याखाली तो कोणत्या तारखेचा आहे ते. ही तारीख फार महत्त्वाची. भाव आठवड्याला उतरतो, आणि जुनी तारीख दिसली की माणूस फोन न करता निघून जातो. म्हणून भाव मला बागेतून मोबाइलवरून बदलता आला पाहिजे, ही माझी एकच अट होती. त्याखाली पेट्यांचा फरक साध्या वाक्यात: चार डझनी म्हणजे मोठं फळ, सहा डझनी म्हणजे लहान, चव तीच. आणि पिकवण्याबद्दल: पावडरने, म्हणजे कॅल्शियम कार्बाइडने, फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, आम्ही पेंढ्यात आढी लावतो आणि आंबा अर्धा तयार झाला की पाठवतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो परताव्याच्या पानावर. ऑनलाइन पैसे घ्यायची सोय हवी असेल तर ती सोय देणारे गेटवेवाले साइटवर परताव्याचं, पोच देण्याचं आणि संपर्काचं पान मागतात. जुन्या साइटवर ते होतं, पण कुठल्यातरी कपड्यांच्या दुकानाचं उचललेलं: "लेबल न काढता पंधरा दिवसांत बदलून मिळेल". आंब्याला कसलं लेबल आणि कसले पंधरा दिवस! मी आणि यजमान रात्री बसून ते मराठीत पुन्हा लिहिलं. आमचा खरा प्रश्न साक्याचा आहे. फळ बाहेरून देखणं असतं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. बाहेरून तो बागायतदारालाही कळत नाही. हे आम्ही लपवत होतो, म्हणजे फोन आला की समजूत घालत होतो. आता पानावर सरळ लिहिलं आहे: साका काय असतो, तो का कळत नाही, आणि निघाला तर कापलेल्या फोडीचा फोटो दोन दिवसांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. यजमानांना भीती होती की लोक गैरफायदा घेतील. गेल्या हंगामात अकरा जणांनी फोटो पाठवले, अकराही खरे होते. उलट "तुम्ही साक्याबद्दल लिहिलंत म्हणून तुमच्याकडून घेतलं" असं सांगणारे बरेच भेटले.

मराठी मजकुराची गंमत वेगळीच. आमच्या छापील पत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याने श्रीलिपीत बसवला होता. तो साइटवर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसला. अशा जुन्या फाँटांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आतली अक्षरं मराठी नसतात, त्यामुळे गूगललाही ती मराठी म्हणून वाचता येत नाहीत. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही पडद्यावर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टंकलं. फाँट घेतला तो 'मुक्त' नावाचा, मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्यांचा. तो मोफत आहे आणि लहान पडद्यावरही जोडाक्षरं ठसठशीत दिसतात. भाच्याने घेतलेल्या तयार साच्यात शीर्षकांच्या अक्षरांत मोकळी जागा सोडलेली होती. इंग्रजीला ते शोभतं, पण "हापूस"ची शिरोरेषा तुटून तीन तुकडे झाले. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत घुसत होते. दोन्ही मापं बदलायला पाच मिनिटं लागली. करून घेताना कोणी बघत नाही, म्हणून सांगते: मराठी पान पूर्ण झाल्यावर घरातल्या वयस्कर माणसाला मोठ्याने वाचायला द्या. सासूबाई दोनदा अडखळल्या, दोन्ही ठिकाणी चूक निघाली.

फोटोंचं फार सांगण्यासारखं नाही. मोबाइलचा एक फोटो चार-पाच एमबीचा, असे सात टाकले की बागेत पान उघडता उघडत नाही. बाराशे पिक्सेल रुंदीचे केले, वेबपी या हलक्या प्रकारात साठवले, दीडशे केबीच्या आत आणले. मग नेटवर्कची एकच काडी येते त्या वरच्या बांधावर उभं राहून सासऱ्यांच्या जुन्या फोनवर उघडून पाहिलं. ऑफिसच्या वायफायवर केलेली चाचणी आमच्या कामाची नाही.

पत्त्याआधीचं https, म्हणजे सुरक्षित जोडणीही तेव्हाच आली. ती नसेल तर क्रोम २०१८ च्या जुलैपासून "सुरक्षित नाही" असं दाखवतं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, मात्र थोड्याच मुदतीचं असतं, म्हणून ते आपोआप नवं होण्याची सोय जागा देणाऱ्याकडे आहे ना, हे विचारून घ्यावं.

ऑर्डरचा फॉर्म मात्र मी काढून टाकला. आधी नाव, पत्ता, ईमेल असा फॉर्म होता आणि तो भरला की मला मेल यायचा. एप्रिलमध्ये एका गृहस्थांनी रागावून फोन केला, "आठ दिवस झाले, उत्तर नाही." स्पॅममध्ये त्यांच्यासह तीन ऑर्डरी पडलेल्या. साइटवरून निघणारा मेल खरंच आमच्या नावाने निघतो आहे, हे सिद्ध करणाऱ्या नोंदी कोणी केल्याच नव्हत्या. त्या आता केल्या आहेत, तरी ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच घेते. पानावर बटण आहे, दाबलं की "पेटी हवी: डझन, पिनकोड, कोणत्या तारखेला" एवढं आधीच लिहिलेलं चॅट उघडतं. पत्त्यापेक्षा पिनकोड आधी लागतो, कारण गाडी तिथे जाते की नाही ते त्यावरून ठरतं. त्या दुव्यात नंबरच्या आधी ९१ लावायचे, अधिक चिन्ह किंवा शून्य नाही. फोन नंबरही आता फोटोत नाही, अक्षरांत आहे, बोट लावलं की फोन लागतो. पैसे बहुतेक जण यूपीआयनेच देतात.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद केली आहे, तो क्रमांक भावाच्या खालीच टाकला. बाजारात परराज्यातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, तेव्हा गिऱ्हाइकाला पडताळायला काहीतरी हातात हवं.

एक चूक पहिल्या वर्षी राहून गेली. जूनमध्ये पाऊस लागला, पेट्या संपल्या, आणि साइट तशीच राहिली. ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या एका मुलीने आईच्या वाढदिवसासाठी दोन पेट्यांचे पैसे पाठवले. मी पैसे लगेच परत केले, पण तिचा हिरमोड झाला तो झालाच. आता शेवटची पेटी निघाली की त्याच संध्याकाळी भावाच्या जागी "या वर्षीचा आंबा संपला" असं येतं, खाली कोकम आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, आणि पुढच्या हंगामात कळवायला हवं असेल त्यांच्यासाठी नंबर.

खात्यांची नावं, नूतनीकरणाच्या तारखा, जागेचं बिल हे सगळं एका वहीत लिहून खत-औषधांच्या पावत्यांबरोबर कपाटात ठेवलं आहे. डोमेन पाच वर्षांसाठी भरलं. बॅकअपची प्रत दर महिन्याला भाच्याच्या लॅपटॉपवर आणि आमच्या पेनड्राइव्हवर जाते.

यंदा पहिली पेटी ९ मार्चला भरली. भाव मी आढीपाशी बसूनच टाकला. सासूबाई पेंढा सारत होत्या. म्हणाल्या, "तारीख बदललीस ना गं?" मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वरून खालपर्यंत सगळं पान वाचून काढलं.