भरती नसलेला समुद्र

अलिबाग असो, गुहागर असो की दादरची चौपाटी, आपल्याकडे समुद्र कुठल्या दिशेला आहे हे कुणी विचारत नाही. तो पश्चिमेलाच असतो. सूर्य त्यात बुडतो, पाऊस तिकडून येतो, आणि गावात वाट चुकलीच तर माड ज्या बाजूला झुकलेत तिकडे चालत राहायचं. अशा घरातल्या माणसांना एखाद्या बेटावर नेऊन ‘बोला, आज कुठला समुद्र?’ असं विचारलं की काय तारांबळ उडते, ते मीलोसवर पाहिलं.

मीलोस हे ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांपैकी एक. ज्वालामुखीने घडवलेलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, एकशेसाठ चौरस किलोमीटरच्या आसपास. वस्ती पाच हजारांची आणि समुद्रकिनारे सत्तरच्या वर, असं तिथले लोक सांगतात. म्हणजे सत्तर माणसांमागे एक किनारा. लूव्रमधली ती हात नसलेली व्हीनस १८२० मध्ये इथल्याच एका शेतात सापडली. मूर्ती पॅरिसला गेली, बेटाकडे तिची नक्कल राहिली, आणि किनारे.

माझा भाऊ जर्मनीत असतो. त्याने निघण्याच्या कितीतरी आधी किनाऱ्यांची एक्सेल फाइल केली होती. नाव, वाळू की गोटे, पार्किंग, खाण्याची सोय, लोकांनी दिलेले तारे. वहिनीने फोटो बघून खुणा केल्या होत्या, भाच्याने उड्या मारण्याजोगे कडे हेरून ठेवले होते. आईने ती फाइल फोनवर दोन बोटांनी मोठी करून पाहिली आणि विचारलं, “यात सावलीचा रकाना कुठाय?”

सावलीचा रकाना नव्हताच. वाऱ्याचाही नव्हता, आणि पहिल्याच सकाळी घराच्या मालकीणबाईंनी सगळा मामला वाऱ्यावर आणून ठेवला. कपडे वाळत घालता घालता त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, “उत्तरेचा आहे. तुम्ही दक्षिणेला जा.” बेटावर चालतो तो नियम एवढाच. वारा उत्तरेचा असेल तर दक्षिणेचा किनारा धरायचा, दक्षिणेचा असेल तर उत्तरेचा. तारे, फोटो, पार्किंग हे सगळं त्यानंतर.

जुलै-ऑगस्टात दक्षिणेचा वारा तसा दुर्मीळच. या दिवसांत तिथे मेल्तेमी वाहतो. कोरडा, स्वच्छ आभाळातला, दिवसच्या दिवस न थकणारा उत्तरेचा वारा. उत्तरेला बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानच्या पठारावर कमी, आणि मधे एजियन समुद्र मोकळा पडलेला. गंमत अशी की तुर्कस्तानवरचा तो कमी दाबाचा पट्टा सुटा नाही. इराणवरून पसरत तो आपल्या मोसमी पावसाच्या कमी दाबाच्या क्षेत्राला येऊन मिळतो. आपल्याकडे पावसाळ्यात जी हवा वर चढते, तिच्या परिणामाने पूर्व भूमध्य समुद्रावरची हवा खाली बसते, म्हणून तिकडे उन्हाळाभर ढग धरत नाही. गुहागरहून मावशी अंगणातल्या पाण्याचे व्हिडिओ पाठवत होती, आणि आम्ही त्याच पावसाच्या दुसऱ्या टोकाला डोक्यावरच्या टोप्या धरून उभे होतो.

वाऱ्याचा वेग तिथे ताशी किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. पाववाला, बसचा ड्रायव्हर, हॉटेलातला पोऱ्या, सगळे बोफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या पट्टीच्या, आकड्यात बोलतात. सहा म्हणजे उत्तरेचं नाव काढू नका. आठच्या पुढे गेला की अथेन्सच्या पिरेअस बंदरातून येणाऱ्या बोटींचं काही खरं नाही.

सहाचा वारा असतानाही आम्ही उत्तरेला सराकिनिकोला गेलो, कारण वहिनीच्या फोटोतलं मीलोस ते तेच. ज्वालामुखीच्या राखेचा पांढराफेक खडक, वाऱ्याने आणि लाटांनी घासून गुळगुळीत केलेला, मधे निळ्या पाण्याची चिंचोळी घळ. गवताची काडी नाही. जो तो ‘चंद्रावर आल्यासारखं वाटतं’ म्हणतो. चंद्रावर एवढी गर्दी नसावी. घळीत लाटा घुसून खडकावर आपटत होत्या, त्यामुळे पाण्यात कुणी उतरत नव्हतं, आणि फोटोसाठी मात्र नंबर लावावा लागत होता. भाचा हिरमुसला. आईने पर्समधली काळी छत्री उघडली, ती एका झटक्यात उलटी झाली. बाबा तेवढे खूश दिसत होते. त्यांनी उकिडवं बसून नखाने खडक खरवडला आणि निकाल दिला, “मऊ आहे. जांभ्यासारखे चिरे पडतील याचे.” ते काही अगदीच उगाच नव्हतं. जवळच्या मांद्राकियात आणि पलीकडे क्लीमा गावात कोळ्यांनी अशाच मऊ खडकात होड्यांसाठी खोल्या कोरल्या आहेत. खाली होडी, वर बिऱ्हाड, आणि निळी-लाल-हिरवी दारं थेट पाण्यावर उघडणारी. सराकिनिकोच्या कडेला मात्र २०२५ च्या सुरुवातीला हॉटेलचं खोदकाम सुरू झालं तेव्हा ग्रीसभर ओरड झाली आणि काम थांबवावं लागलं. बरं झालं. त्या खडकावर एक खुर्चीसुद्धा शोभणार नाही.

मुळात समुद्रावर जाऊन करायचं काय, हे ठरल्याशिवाय किनारा निवडता येत नाही, आणि इथे आपलं आणि युरोपातल्या लोकांचं जमत नाही. ते ऊन खायला जातात, आपण ऊन उतरल्यावर जातो. ते आडवे होतात, आपण चालतो. पाय भिजवायचे, काहीतरी चटकमटक खायचं, सूर्य बुडाला की ‘चला’ म्हणायचं. आईचं माहेर गुहागरचं. तिच्या लेखी किनारा म्हणजे नजर संपेपर्यंतची पुळण आणि मागे सुरूचं बन. मीलोसचे बहुतेक किनारे दोन-तीनशे पावलांत संपतात, दोन्ही टोकांना उभा कडा. चालायला लागलं की वळायची वेळ येते. आणि भर दुपारी एक वाजता सगळं गाव उन्हात पसरलेलं. आईने एका लालबुंद झालेल्या आजोबांकडे बघून हळूच विचारलं, “यांना घरात कुणी बोलत नाही का गं?”

तिची सोय अखेर पोलोनियात झाली. ईशान्येच्या टोकाचं हे मच्छीमारांचं गाव. समोरच्या किमोलोस बेटाला बोट जाते ती इथूनच. किनाऱ्याला लागून टॅमरिस्कच्या झाडांची रांग आहे. खाऱ्या जमिनीत तगतात म्हणून ती ग्रीसभर किनाऱ्यांवर दिसतात. पानं सुरूसारखी बारीक, आणि तेवढ्या पुराव्यावर आईने त्यांना सुरू ठरवून टाकलं. त्याखाली तिने सोलापुरी चादर अंथरली आणि जाहीर केलं की ज्यांना कडे चढायचे असतील त्यांनी चढावेत, ती इथून हलणार नाही. फाइलमध्ये पोलोनियाला तारे कमी होते. मी तिला सगळ्यांत वरचे देईन.

संध्याकाळपर्यंत तिथे बसल्यावर तिला नवाच प्रश्न पडला. “ओहोटी कधी लागते यांच्याकडे?” सकाळी पाणी ज्या दगडाशी होतं, त्याच दगडाशी अजून होतं. भूमध्य समुद्र अटलांटिकला जोडलाय तो जिब्राल्टरच्या अरुंद दारातून. त्यामुळे भरती-ओहोटीला तिथे जोर नाही, एजियनमध्ये तर फरक बहुतेक ठिकाणी वीतभराच्या आतबाहेर. मुंबईत पावसाळी उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढणार असलं की महापालिका इशारा देते, त्यापुढे हे काहीच नाही. म्हणून तर जेवणाची टेबलं आणि होड्यांच्या खोल्या पाण्याला चिकटून उभ्या राहू शकतात. पण ओहोटीने उघडी पडणारी ती ओली, कडक, क्रिकेट खेळण्याजोगी वाळूही मग मिळत नाही. भाच्याला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

त्सिग्रादोला उतरलो ते आम्ही चौघंच. दक्षिणेच्या फिरिप्लाका किनाऱ्याला लागून हा इवलासा किनारा आहे आणि रस्त्याने तिथे जायची वाट म्हणजे कड्यातली भेग. दोराला धरून मातीवरून घसरत यायचं, मग लाकडी शिडी. दोर हजारो हातांनी गुळगुळीत झालेला, त्यावर ओली वाळू. वरचा माणूस हलला की खालच्याच्या डोळ्यांत मुरूम. मधल्या वळणावर वहिनी थांबली. खाली येता येईना, वर जाता येईना, आणि वर चढू पाहणारी पाच-सहा ओली माणसं खाली ताटकळत. कुणी चकार शब्द काढला नाही. एका बाईने फक्त पुढे होऊन तिचा चपलेतला पाय धरून खालच्या पायरीवर टेकवून दिला. खालचं पाणी अर्थातच सुंदर होतं. पण आम्ही पोहताना सगळा वेळ त्या दोराकडे बघत होतो.

क्लेफ्तिकोला बोटीने जायचं. चाचे लपून बसायचे ती ही पांढरी कमानीदार शिळांची जागा. सुंदर आहे, सगळ्यांनाच आवडली, त्याबद्दल अधिक काही सांगण्यासारखं नाही. पश्चिमेच्या बाकीच्या किनाऱ्यांची नावं फाइलमधून आईने काढायला लावली. दादाने सहज सांगितलं होतं की त्या भागात मीलोसचा म्हणून ओळखला जाणारा विषारी साप आहे, आणि तो याच दोन-चार बेटांवर सापडतो. हे दुर्मीळपणाचं कौतुक तिच्यापर्यंत पोचलं नाही.

पाण्याबद्दल मात्र तिचं मत मला पटलं. त्या पाण्यात कमरेएवढं उभं राहिलं तरी पायाची नखं मोजता येतात. सगळे ‘वा’ म्हणत असताना तिने विचारलं, “मग मासे कुठायत?” एजियनचं पाणी काचेसारखं असतं कारण त्यात खायला फारसं काही नसतं. मोठ्या नद्या थोड्या, खतावणारा गाळ कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून मासेही बेताचे. आपला समुद्र गढूळ दिसतो तो गाळाने आणि याच सूक्ष्म जीवांनी, आणि त्यांच्यावरच तर आपला बांगडा पोसतो. तिथल्या खानावळीत मासा किलोवर विकतात. आत जाऊन पसंत करायचा, तोलून घ्यायचा. काटा थांबला तेव्हा दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आम्ही मग तळलेल्या भोपळ्याच्या वड्यांवर आणि चीजवर भागवलं.

बाबांचा आवडता किनारा कुणाच्याच यादीत नव्हता. थिओरिखिया, पूर्वेकडची गंधकाची खाण. गेल्या शतकाच्या मध्यात बंद पडली ती तशीच आहे. छप्पर उडालेल्या इमारती, गंजलेली यंत्रं, बोगद्यांची तोंडं, वाघिणींचे रूळ, आणि खाली गोट्यांचा किनारा. गोट्यांत मधूनच हळदीच्या रंगाचा खडा. बाबा पाण्याकडे पाठ करून तासभर यंत्रं बघत होते. कुठला पट्टा कुठल्या चाकावरून जात असेल याचा त्यांनी पूर्ण उलगडा केला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला.

ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत, तेव्हा मोजणी करायला मिळाली की त्यांना सुट्टी लागते. तशी संधी दक्षिणेच्या एका किनाऱ्यावर आली. त्याचं नाव सांगत नाही. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक, पण खुर्च्या-छत्र्यांचे ठेकेदार पसरत पसरत पार पाण्यापर्यंत गेले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे लोक चिडून टॉवेल घेऊन किनाऱ्यांवर उतरले, आणि २०२४ मध्ये कायदा आला. निदान अर्धा किनारा मोकळा हवा, खुर्च्या पाण्यापासून चार मीटर मागे हव्यात, तक्रारीसाठी सरकारी ॲप. दादाने हे वाचून दाखवलं मात्र, बाबा उठले. पहिल्या रांगेतल्या छत्रीच्या दांड्यापासून पाण्यापर्यंत त्यांनी पावलं टाकली. त्यांचं पाऊल किती सेंटिमीटरचं ते त्यांना पाठ आहे. “तीन मीटर दहा,” ते म्हणाले. “आणि हा खुर्च्यावाला आपली चादर अंथरायला जागा नाही म्हणतो.”

खुर्च्यांवरचा पोरगा हसतमुख होता. दादाने इंग्रजीत विचारलं, त्याने इंग्रजीत उत्तर दिलं. छत्री होती तिथेच आहे, पाणीच पुढे आलंय.

“अरे, तीस वर्षं हेच ऐकलं मी,” बाबा म्हणाले. “‘साहेब, मी बांध कोरला नाही, बांधच सरकला.’ विचार त्याला, तुमच्याकडे भरती नाही, मग पाणी पुढे आलं कसं?”

पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “मेल्तेमी.”

“वारा जमिनीकडून येतोय,” बाबा म्हणाले, “तो पाणी मागे ढकलेल, पुढे नाही,” आणि हे सिद्ध करायला त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हवेत धरली. मेल्तेमीने ती हातातून सोडवून घेतली आणि सरळ समुद्रात नेऊन टाकली, अगदी बाबांच्या म्हणण्यानुसार. भाचा पोहत जाऊन ती घेऊन आला. छत्री होती तिथेच राहिली.